पूजेची प्लेट

जालना जिल्ह्यात गंजाला वैयक्तिक शत्रू मानणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. इतरांना महागाईचा राग येतो, शेजाऱ्याचा येतो, एसटी वेळेवर न आल्याचा येतो. माझ्या साडूंना लोखंडावरच्या तांबूस डागाचा येतो, आणि तो डाग कोणाच्या मालकीच्या लोखंडावर आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. आमचे सासरे आजारी होते तेव्हाची गोष्ट. सगळे नातेवाईक पलंगाभोवती उभे राहून सासऱ्यांकडे पाहत होते आणि साडू सलाईनच्या स्टँडच्या पायाकडे. नर्स आल्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "हे असं कधीपासून आहे?" तिला वाटलं, सासऱ्यांच्या पायावरच्या सुजेबद्दल विचारताहेत. ती म्हणाली, "डॉक्टर राउंडला आले की सांगतील." त्यावर साडू भडकले. "यात डॉक्टर काय सांगणार? घासून प्रायमर मारायला पाहिजे." नर्सने त्यांना बाहेर बसायला सांगितलं. बाहेरचं बाकडंही लोखंडी होतं.

त्यांची सगळी नोकरी मुंबईत, समुद्राकाठच्या एका प्रयोगशाळेत, कणशोधक यंत्रं बांधण्यात आणि तपासण्यात गेली. हे काम काय असतं ते त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं आहे की आता ते मलाही साधारण कळतं. आकाशातून अतिसूक्ष्म कण सतत कोसळत असतात. ते छपरातून, आपल्या डोक्यातून, पायाखालच्या जमिनीतून आरपार जातात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. ते गेल्याचा पुरावा पकडायचा, तर अ‍ॅल्युमिनियमच्या आरशासारख्या गुळगुळीत प्लेटा बोटभर अंतर सोडून एकावर एक रचायच्या, ती रचना काचेसारख्या पारदर्शक पेटीत बंद करायची, आत ठरावीक वायू भरायचा आणि कण येताक्षणी प्लेटांना जबरदस्त दाबाची वीज द्यायची. मग कणाच्या वाटेवर प्रत्येक फटीत एकेक ठिणगी पडते. ठिणग्यांची सरळ रेघ दिसली की समजायचं, इथून कोणीतरी गेलं. या पेटीला ते चेंबर म्हणतात. पण प्लेटेवर एखादा डाग राहिला, घामेजल्या बोटाचा ठसा राहिला, तर ठिणगी कणाच्या वाटेवर न पडता त्या डागावर पडते आणि यंत्र खोटं बोलायला लागतं. मुंबईच्या खाऱ्या हवेत प्लेटांना डाग पडायला निमित्त लागत नाही. त्यामुळे साडूंची निम्मी नोकरी चेंबर बांधण्यात गेली आणि निम्मी ते डागांपासून वाचवण्यात. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही असं कोणी म्हटलं, तर ते त्या माणसाशी पाऊण तास बोलतात.

निवृत्तीनंतर ते जालन्याला आले ते गावाच्या ओढीने नव्हे. इथली हवा कोरडी आहे, म्हणून आले. ज्या गावाची हवा कोरडी, तिथे लोखंड सुखी असेल, अशी त्यांची समजूत होती. आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते एमआयडीसीत गेले आणि सळयांचे गठ्ठे उघड्यावर, चिखलात टेकवून रचलेले पाहून परत आले, ते जेवलेच नाहीत. मुंबईत निदान समुद्र होता, दोष द्यायला कोणीतरी होतं. इथे माणसांनी आपल्या हाताने हे चालवलं आहे, असं त्यांचं म्हणणं. एकदा आम्ही दोघं शहागडला चहाला थांबलो होतो. पाऊस भुरभुरत होता आणि समोर सळयांनी भरलेला एक ट्रक उभा होता, वर ताडपत्री नाही. साडू चहा तसाच टाकून उठले. ड्रायव्हर टायरला हातोडी मारून हवा बघत होता. त्याने त्यांचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चाचा, सळई को जुकाम होता क्या?" हॉटेलातले सगळे हसले. साडू हसले नाहीत. अंबड फाटा आल्यावर गाडीत ते म्हणाले, "होतो. त्याला जुकामच म्हणायला पाहिजे. बरोबर शब्द आहे." त्या दिवसापासून गंजलेल्या वस्तूला सर्दी झाली आहे असं ते म्हणू लागले, पण राग तसूभरही कमी झाला नाही.

माझ्या घराच्या फाटकाला मी रंग लावून घेतला तेव्हा त्यांना बोलावण्याची चूक केली. त्यांनी खिशातून नाणं काढून कोपऱ्यात खरवडलं. नव्या हिरव्या रंगाचा पापुद्रा निघाला आणि आत तांबडा भुगा. पेंटर अजून ब्रश धूत होता. साडूंनी त्याला विचारलं, "खरवडलं होतं का आधी?" तो म्हणाला, "काय गरज हाय साहेब? वरून कलर मारला का दिसत न्हाई." "दिसत नाही म्हणजे गेला का?" "गेला न्हाई. पन दिसत तर न्हाई." हे वाक्य साडूंना इतकं लागलं की पुढे अनेक वर्षं, देशातल्या कोणत्याही गोष्टीवर चर्चा निघाली की ते मान हलवून म्हणत, "दिसत तर न्हाई." एरवी ते पुस्तकी मराठी बोलतात. राग आला की मुंबईची चाळीस वर्षं गळून पडतात आणि त्यांच्या तोंडून थेट जाफराबाद बाहेर येतं. त्यावरून राग किती चढला आहे ते मोजता येतं.

आणि हातमोजे. पांढरे, सुती, मनगटाला घट्ट बसणारे. माणसाच्या बोटाला मीठ असतं, ते धातूला लागलं की तिथून कीड सुरू होते, म्हणून ते जेवण आणि अंघोळ सोडली तर हातमोज्यातच असतात. कोणाशी हात मिळवत नाहीत, लांबून नमस्कार करतात. दाराची कडी, बसचा दांडा, स्टीलचा पेला, सगळं हातमोज्यातून. माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा मुलाच्या मावशीने आमच्या हिला आत बोलावून हळूच विचारलं की, "ते पांढरे मोजेवाले घरातलेच का? त्यांना कातडीचं काही आहे का?" हिने सांगितलं की ते शास्त्रज्ञ आहेत. मावशी म्हणाली, "असू द्या, पण औषध चालू आहे ना?" ते लग्न जमलं, पण साडू हातमोज्याने अक्षता टाकताना फोटोत स्पष्ट दिसतात.

या माणसाबरोबर माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्काने, सगळा संसार केला. मी पेपरात काम करतो, तर ही गोष्ट मीच नोंदवून ठेवायला हवी, कारण दुसऱ्या कोणी नोंदवलेली नाही. साडूंनी जालन्याच्या घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं चेंबर बांधायला घेतलं तेव्हापासून त्या घरात पाहुणे स्वयंपाकघरात बसतात. फोडणीचा धूर प्लेटांवर बसतो, म्हणून अक्का फोडणी गच्चीवर करत असे. उदबत्ती बंद. पुढच्या खोलीत पंखा बंद, कारण धूळ. गळती तपासायची म्हणजे पेटीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का बघायचं. ते चाललं असताना खोकायचं नाही, असाही नियम होता. तो शास्त्रात बसतो की नाही मला माहीत नाही. अक्का म्हणायची, "पाव्हणे, मला सवत असती तर निदान तिनं भांडे घासले असते. हिला मीच पुसून राह्यले." खरंच पुसायची. मऊ फडक्याने, एकाच दिशेने, वर्तुळ न काढता, साडूंनी शिकवलं तसं. फक्त प्लेटेला उघडा हात लावायची परवानगी तिला कधी मिळाली नाही.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. साडू जाफराबादच्या ज्या शाळेत शिकले, तिथे त्यांना एक खोली हवी होती. त्या खोलीत चेंबर ठेवायचं, म्हणजे सोयाबीन आणि कपाशीच्या शिवारातून येणाऱ्या पोरांना आकाशातून पडणारा कण आपल्या डोळ्यांनी दिसेल. लहानपणी त्यांना कोणी असं काही दाखवलं नव्हतं, एवढंच त्यांनी एकदा सांगितलं होतं. त्यांना दुसरं काही नको होतं. हेडमास्तर अनुकूल होते. पण शाळेच्या संस्थेचे सचिव म्हणून एक गृहस्थ होते, त्यांना त्या खोलीत संस्थेचं ऑफिस करायचं होतं. शेवटी असं ठरलं की दसऱ्यानंतरच्या सोमवारी यंत्र शाळेत चालवून दाखवायचं. चाललं तर खोली यंत्राला, नाही तर ऑफिसला. दुसरी संधी नाही.

खंडेनवमीच्या दिवशी मी आणि साडू वायूचं सिलिंडर आणायला एमआयडीसीत गेलो होतो. शेवटची जोडणी बाकी होती, म्हणून साडूंनी सगळ्या प्लेटा पुसून पुढच्या खोलीत लाकडी घडवंचीवर ओळीने उभ्या वाळत ठेवल्या होत्या. दुपारी सिलिंडर घेऊन परत आलो. दारात साडू थांबले, म्हणून मागे मीही थांबलो. प्रत्येक प्लेटेच्या मधोमध ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं ओढलेली होती. पहिल्या प्लेटेला झेंडूची माळ होती, तिच्या पायाशी फोडलेला नारळ होता आणि त्या नारळाचं पाणी सगळ्या ओळीवर शिंपडलेलं होतं.

"हे कोणी केलं?" साडूंनी विचारलं.

"कोन करनार? मीच केली पूजा," अक्का आतून म्हणाली. "खंडेनवमी हाय. गाडीची केली, मिक्सरची केली, शिलाई मशीनची केली. सोमवारी याची परीक्षा, अन् याला तसंच कोरडं ठेवू का?"

"तुला हात लावू नको म्हणून किती वेळा सांगितलं?"

"हात कुठं लावला? तुमचे हातमोजे घालून लावलं." आणि तिने पुरावा म्हणून कुंकवाने लाल झालेले हातमोजे बाहेर आणून दाखवले. एक नियम तिने तंतोतंत पाळला होता.

साडू खाली बसले. बोलले ते जाफराबादेत. "कुंकवात चुना ऱ्हातो. चुना अ‍ॅल्युमिनियम खातो. नारळाच्या पान्यात खार ऱ्हातो. तू पूजा न्हाई केली, तू गंजाला जेवाया वाढलं." अक्काने त्यांच्याकडे पाहिलं, हातमोजे धुवायला टाकले आणि आत गेली. त्यानंतर साडूंनी कुंकवाची पुडी घेऊन चिमूटभर पाण्यात कालवून तपासलीही. चुना निघाला. हा निष्कर्ष त्यांनी मला मोठ्याने सांगितला, आत ऐकू जाईल असा. मला त्यांचा खरा राग आला तो इथे. रसायनशास्त्र पूर्णपणे त्यांच्या बाजूने होतं, आणि दुसरं काहीही त्यांच्या बाजूने नव्हतं. जिने घराची पुढची खोली दिली, फोडणी गच्चीवर नेली, ती बाई त्या यंत्राचं भलं व्हावं म्हणून हातमोजे घालून पूजा करते, आणि हा माणूस कुंकवाचा कस काढत बसतो. मी तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही पेपरवाले. तुम्हाला दोन्ही बाजू लागतात. डागाला एकच बाजू असते."

दसऱ्याला त्या घरात कोणी कोणाला सोनं दिलं नाही. आपट्याची पानं देवापाशी तशीच पडून होती. साडू प्लेटा घासत बसले होते, पाठ आणि मान वाकडी करून, उजेडाकडे प्लेट तिरकी धरून. एकेक करून बाकीच्या सगळ्या निघाल्या. माळ घातलेली ती पहिली मात्र निघेना. तिच्यावर कुंकू जास्त, नारळाचं पाणी जास्त आणि वर ओली फुलं टेकलेली. पाच बोटांच्या जागी पाच पांढुरके, खरबरीत ओहोळ धातूतच उतरले होते. तशी सपाट प्लेट जालन्यात मिळत नाही आणि मुंबईहून सोमवारपर्यंत येणार नव्हती. घडवंचीवर ती पहिली असली तरी चेंबरमध्ये तिची जागा मधली होती. शेवटी त्यांनी ती प्लेट वगळून तिची जागा रिकामी ठेवली. म्हणजे ठिणग्यांची रेघ मधे तुटणार. जे यंत्र खोटं बोलू नये म्हणून त्यांनी जन्म घालवला, ते आता अर्धवट बोलणार होतं, तेही सचिवांसमोर.

सोमवारी सकाळी टेम्पो आला. चेंबर गोधड्यांत गुंडाळून मागे ठेवलं. जाफराबादच्या रस्त्याला ते हिंदकळू नये म्हणून कोणीतरी धरून बसायला हवं होतं. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात अक्का काही न बोलता मागे चढली आणि पेटीला पाठ लावून बसली. साडूंनी स्वतःच्या खिशातली हातमोज्यांची कोरी जोडी तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली नाही. "गोधडीला गंज चढत न्हाई," एवढंच म्हणाली. दोघांत काही दिवसांनी झालेलं हे पहिलं बोलणं.

शाळेत खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. पोरं जमिनीवर बसली होती, हेडमास्तर आणि सचिव खुर्च्यांवर. त्या खुर्च्यांच्या पायांकडे साडूंनी एकदा पाहिलं आणि नजर वळवली, यावरून ते किती घाबरले असतील ते मला कळलं. बटण दाबलं. काही झालं नाही. सचिव म्हणाले, "लाइट आहे ना?" आणि तेवढ्यात काडी मोडल्यासारखा आवाज होऊन पेटीत वरून खाली ठिणग्यांची एक गुलाबी रेघ उमटली आणि विझली. पोरं ओरडलीच. मग दुसरी, तिरकी. मग तिसरी. प्रत्येक रेघ मधे एका जागी तुटत होती आणि पुन्हा सरळ पुढे जात होती. पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, "सर, ती मधी काऊन तुटते?"

मी साडूंकडे पाहिलं. या माणसाने मोजमापात आयुष्यात कधी सूट दिलेली नव्हती, स्वतःला तर नाहीच. कोपऱ्यात अक्का गोधड्यांची घडी करत होती, तिचे हात थांबले. साडू म्हणाले, "तिथली एक प्लेट पूजेला काढून ठेवलीय."

पोरांचं समाधान झालं. सचिवांचं त्याहून जास्त झालं. उजेड केल्यावर ते उठून म्हणाले, "सर, खरं सांगू का? ठिणग्या तर वेल्डिंगमधी बी दिसतात. पन पूजेची प्लेट येगळी ठेवली, हे बराबर केलं. आजकालचे शिकलेले लोक न्हाई करत. खोली तुमची." हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या वाटेवर साडू संतापले होते. "चाळीस वर्षं, पाव्हणे. चाळीस वर्षं प्लेटा पुसल्या. अन् पास कशावर झालो? कुंकवावर." मागून अक्काचा आवाज आला, "मंग? मी काय म्हनत होते?" जालन्याला उतरल्यावर ते देवघरात गेले आणि दसऱ्याची ती वाळून गुंडाळी झालेली आपट्याची पानं घेऊन आले. त्यांनी ती अक्काच्या हातावर ठेवली. सोनं शिळं होतं. ती म्हणाली, "हातमोज्यानं देतात व्हय सोनं?" पण घेतलं.

नवी प्लेट पुढे मुंबईहून आली आणि रेघ सलग झाली. बिघडलेली प्लेट साडूंनी टाकली नाही. तिला लाकडी चौकट करून चेंबरच्या बाजूला शाळेच्या भिंतीवर लावली आणि दर खंडेनवमीला जी काही पूजा करायची ती या प्लेटेची करायची, असा नियम केला. पूजा अक्का करायची, साडू लांब उभे राहून तोंड वाकडं करायचे. प्लेट का बिघडली याबद्दल अक्काचं स्वतःचं मत होतं आणि ती ते प्रत्येक वेळी सांगायची. कुंकवाने काही बिघडत नाही. देवाला हातमोजे घालून कुंकू लावलं, ते बाधलं.

गेल्या वर्षी अक्काला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. फोडणी आता घरातच होते, साडू करतात. करपवतात, असं ती डाव्या हाताच्या खुणेने सांगते. यंदाच्या खंडेनवमीला तिला जाफराबादला नेणं शक्य नव्हतं. मी साडूंबरोबर गेलो. आमची ही अक्कापाशी थांबली आणि तिने फोनवर व्हिडिओ लावून दिला. मी फोन प्लेटेसमोर धरला. साडूंनी वाटीत कुंकू कालवलं आणि बोट पुढे केलं. फोनमधून अक्काचा आवाज आला. तो कळायला दोनदा ऐकावा लागला. "मोजे."

"अगं, हाताला घाम असतो."

"असू द्या."

त्यांनी हातमोजे काढले आणि खिशात कोंबले. धातूला उघड्या बोटाने शिवताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. पाच बोटं ओढली, जुन्या पाच ओहोळांवरूनच, जरा वाकडी. प्लेट हलू नये म्हणून डाव्या हाताने कड धरली होती, तिथे अंगठ्याचा ओलसर ठसा राहिला. तो त्यांना दिसला. खिशातलं मऊ फडकं आपसूक हातात आलं. प्लेटेला तिरका उजेड लागेल असं वाकून त्यांनी ठसा बराच वेळ पाहिला.

"याचा डाग पडनार," ते फोनकडे वळून म्हणाले. "पुढच्या खेपेला बघू, कितपत धरलाय. तू बी चल."

पडद्यावर अक्काची मान हलली. हो म्हणून की नुसतीच, ते मला कळलं नाही. साडूंनी फडक्याची घडी घातली आणि ते न वापरता परत खिशात ठेवलं.